८८० किलोची स्विफ्ट: रोज ऑफिस, अधूनमधून ट्रॅक. ब्रेक पॅड कोणते घालू?

वरंधा_वळण

मंडळी नमस्कार. गाडी २०१९ची स्विफ्ट, पेट्रोल, मॅन्युअल. इंजिनाला हात लावलेला नाही. टायर तेवढे जरा चांगले घातलेत, माप मूळचंच. रोज धायरी ते हिंजवडी, सुट्टीच्या दिवशी भोरवरून वरंधा नाहीतर ताम्हिणी. आणि जमेल तेव्हा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक. पुण्याहून बाराशे किलोमीटर याच गाडीने जायचं, तिथे हीच पळवायची आणि हिनेच घरी यायचं. गाडी ट्रेलरवर घालून न्यावी एवढी ऐपत नाही.

यावेळी तीन-चार लॅप झाल्या की ब्रेक लागेनासे व्हायचे. सरळ पट्ट्याच्या टोकाला दरवेळी आधीपेक्षा लवकर ब्रेक मारावा लागत होता. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबतात तिथे, आलो तर पुढच्या चाकांतून जळका वास. तिथल्या एकाने सांगितलं, सरळ रेसचे पॅड घाल. पुण्यात गॅरेजवाला म्हणतो, पॅडने काही होत नाही, मोठी डिस्क आणि मोठं कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) बसवू. त्याने सांगितलेल्या आकड्यात माझा वर्षभराचा पेट्रोलचा खर्च निघेल.

प्रश्न एवढाच: रोज पावसापाण्यात चालतील आणि ट्रॅकवरही टिकतील असे पॅड या गाडीला आहेत का? आवाज थोडा सहन करेन. बायको आणि मुलगीही याच गाडीत बसतात, त्यामुळे सकाळी पहिल्याच सिग्नलला ब्रेक लागलाच पाहिजे.

हेअरपिन_हेमंत

माझं मत मोठ्या डिस्कच्या बाजूने. वजनदार डिस्कला तापायला वेळ लागतो, हे साधं विज्ञान आहे. माझ्या सेडानला केलं आणि फरक जमीन-अस्मानाचा पडला. फक्त चाकात जागा आहे का ते आधी मोजून घे, १५ इंची चाकात सगळी कॅलिपर बसत नाहीत. पैसे एकदाच जातील, पण डोक्याचा ताप जाईल.

डायनो_चाकण

वरंधा, खर्चाच्या गोष्टी नंतर. आधी मला सांग, ब्रेक लागत नव्हता तेव्हा पायाखाली पेडल कसं होतं? टणक होतं आणि तरी गाडी थांबत नव्हती, की मऊ पडून खाली जात होतं? या दोन वेगळ्या व्याधी आहेत आणि औषधंही वेगळी. दुसरं, पुढचं चाक काढून पॅडची कड बघ. तिथे कंपनीच्या नंबराच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात. ती कोणती ते लिही. आणि मागच्या ड्रमचं काम शेवटचं कधी झालं?

मी गेली कित्येक वर्षं चाकणला ब्रेकच्या डायनामोमीटरवर, म्हणजे चाचणीच्या यंत्रावर, पॅड तपासते, म्हणून एवढं खोदून विचारतेय.

वरंधा_वळण

ताई, आज सकाळी चाक काढलं. ट्रॅकवर पेडल टणकच होतं, अगदी दगड. पाय थरथरेपर्यंत दाबलं तरी गाडी आपली पुढेच. पण एक गोष्ट आधी लिहायची राहिली. पिटमध्ये गाडी उभी करून पाणी प्यायलो, दहा-पंधरा मिनिटांनी परत बसलो तर पेडल स्पंजी झालेलं. दोन-तीनदा पंप केल्यावर वर आलं.

पॅडच्या कडेला शेवटी ‘ईई’ आहे. हे पॅड मागच्या दिवाळीत बाहेरच्या गॅरेजात टाकले होते, डबा बघितल्याचं आठवत नाही. कडेला वरचा रंग जळून राखाडी पांढरा झालाय. मागचे ड्रम गाडी घेतल्यापासून कुणी उघडलेत असं वाटत नाही.

डायनो_चाकण

शाब्बास, आता बोलता येईल. तुला दोन्ही व्याधी झाल्या, आणि ओळीने झाल्या.

चालत्या गाडीत पेडल टणक राहिलं म्हणजे ऑइल शाबूत होतं, दाब पॅडपर्यंत पोचत होता. पॅडमधलं राळेसारखं बंधक द्रव्य तापून त्याचा वायू सुटला आणि घर्षण पडलं. जळका वास त्याचाच. मग तू गाडी उभी केलीस. वारा बंद, डिस्क तापलेली, ती उष्णता पॅडच्या पाठीच्या पत्र्यातून कॅलिपरच्या पिस्टनमध्ये आणि तिथून ब्रेक ऑइलमध्ये शिरली. ऑइल उकळून वाफेचे बुडबुडे झाले. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पेडल स्पंजी. गाडी उभी असताना हे होतं आणि माणूस बेसावध असतो. पुढच्या फेरीत पहिल्याच वळणाला ते कळलं असतं तर? म्हणून पिटमध्ये शिरण्याआधी एक अख्खी लॅप ब्रेक जवळजवळ न वापरता सावकाश काढायची. ही सवय कुठल्याही पॅडपेक्षा मोलाची आहे.

आता ती अक्षरं. अमेरिकेतल्या एसएई संस्थेची ही खूण आहे. पहिलं अक्षर नेहमीच्या तापमानातलं घर्षण, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. ‘ईई’ म्हणजे बेकायदा किंवा बनावट असं नव्हे. पण एवढ्यावरून फार निष्कर्षही काढू नकोस. ही चाचणी पॅडच्या एक इंच चौरस तुकड्यावर होते, गाडीवर नाही. ०.३६ चा पॅड आणि ०.४४ चा पॅड, दोघांनाही एफच मिळतो, आणि पायाला मात्र ते दोन वेगळ्या गाड्यांसारखे लागतात. तुझ्या बाबतीत अक्षरं एवढंच सांगतात की त्या गॅरेजने मिळमिळीत पॅड टाकले आणि तू तेच घेऊन ट्रॅकवर गेलास. त्यामुळे मूळ पॅड ट्रॅकवर कसे वागतात ते तुला अजून माहीतच नाही. कॅलिपर बदलायचा विचार त्यानंतरचा.

हेमंतरावांची सेडान जड आहे, तिला त्यांचा उपाय योग्यच असेल. स्विफ्टचा हिशेब मात्र वेगळा निघतो. गाडी, तू, हेल्मेट, थोडं पेट्रोल, मिळून १००० किलो धर. दीडशेच्या वेगावरून सत्तरवर आलास तर साधारण ६८० किलोज्यूल उष्णता तयार होते. त्यातली तीन चतुर्थांश पुढच्या चाकांवर. म्हणजे एकेका पुढच्या डिस्कला अडीचशे किलोज्यूल. घासल्या जाणाऱ्या कड्याचं वजन चार किलो धरलं तर एका ब्रेकला डिस्क सव्वाशे अंशांनी चढते. थंड व्हायला पुरेसा वेळ मिळायच्या आत पुढचं वळण. तीन-चार लॅपमध्ये तू कुठे पोचलास ते यावरून दिसेल. हेच १७०० किलोच्या एसयूव्हीला केलंस तर उष्णता ११५० च्या पुढे जाते. तिथे मोठी डिस्क लागतेच. इथे आधी पॅड आणि ऑइल.

आता याच गणिताची दुसरी बाजू बघ, कारण खरा पेच तिथे आहे. सिंहगड रोडला पन्नासवरून पूर्ण थांबलास तर हीच डिस्क जेमतेम अठरा-वीस अंशांनी तापते. हलकी गाडी रस्त्यावर पॅडला गरम होऊच देत नाही. आणि रेसचे पॅड बनवलेलेच असतात तापल्यावर पकडायला. गार असताना त्यांचा चावा कमी, डिस्क मात्र ते खरवडतात, आणि ओरडतात ते वेगळंच. जड गाडीचा मालक तेच पॅड घालून म्हणेल की रस्त्यावर ठीक चालतात, आणि तो खरं बोलत असेल. त्याचे पॅड तापतात, तुझे तापणार नाहीत. पावसात हिंजवडीच्या पहिल्या सिग्नलला, मुलगी मागे बसलेली असताना, मला तुझ्या गाडीत ते पॅड नकोत.

घाटाचं वेगळं सांगते. लोक घाट आणि ट्रॅक एकाच मापाने मोजतात. समजा ६०० मीटर उंची उतरलास, तर १००० किलोच्या गाडीची ५९०० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. ट्रॅकवरच्या एका ब्रेकच्या आठ-नऊ पट. पण ती अर्ध्या तासात विभागलेली असते, आणि तू दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरलास तर बराचसा वाटा इंजिन आणि हवा घेते. घाटासाठी चांगले मूळ पॅड पुरतात. पाय सतत पेडलवर टेकवून उतरणाऱ्याला मात्र कुठलेच पुरत नाहीत.

तेव्हा माझं उत्तर: एकाच पॅडमध्ये दोन्ही शोधू नकोस, दोन जोड ठेव. रस्त्याला कंपनीचे मूळ पॅड, किंवा ज्यांच्यावर युरोपच्या आर-९० नियमाची खूण आहे असे. त्या नियमात बदली पॅडचं घर्षण मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आतबाहेरच असावं लागतं, त्यामुळे एबीएस आणि मागच्या ड्रमशी त्यांचं जमतं. ट्रॅकला एक पायरी वरचे. फेरोडोचे डीएस २५०० किंवा ईबीसीचे यलोस्टफ या वर्गातले, सहनशक्ती जास्त आणि तरी गार असतानाही बऱ्यापैकी पकडणारे. पूर्ण रेसचे पॅड या वजनाला आणि साध्या टायरला लागत नाहीत. तुझ्या कॅलिपरचा आकार त्यांच्याकडे असेलच असं नाही. जुना पॅड कागदावर ठेवून पेन्सिलने कड आखून घे, जाडी मोज, आणि तो कागद घेऊन दुकानात जा. मॉडेलचं नाव सांगून चुकीचा डबा हातात पडतो, कागद दाखवल्यावर पडत नाही.

मागच्या ड्रमवर मी अडून बसणार आहे. लायनर (ड्रमला आतून घासणारं अस्तर) झिजून फट वाढली असेल तर मागची चाकं जवळपास काहीच काम करत नसतील. अशा गाडीला पुढे जास्त चाव्याचे पॅड घातले की पुढच्या टायरची रस्त्यावरची पकड लवकर सुटते, एबीएस लवकर जागं होतं आणि थांबायचं अंतर होतं तेवढंच राहतं. कधीकधी वाढतंही. आधी ड्रम उघड, धूळ ओल्या फडक्याने पूस (फुंकू नको, कॉम्प्रेसरची हवाही नको), लायनर चकाकत असतील तर बदल, ॲडजस्टर मोकळा करून फट बसव. हँडब्रेक किती खटक्यांना लागतो ते आधी आणि नंतर बघ. हे काम अगदी कमी पैशांत होतं आणि पेडलही वर येतं.

ब्रेक ऑइल: डॉट हा त्याचा दर्जा. डॉट ३ ताजं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर १४०. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. आपल्या पावसाळ्यात ते पाणी शोषतंच. ट्रॅकला जाण्याआधी सीलबंद डब्यातलं ताजं डॉट ४ भर आणि चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून घे. मोट्यूलचं आरबीएफ ६०० ताजं असताना ३१२ अंशांपर्यंत तग धरतं, परवडत असेल तर ते घे, पण दरवर्षी बदल. डॉट ५ ला हात लावू नकोस. ते सिलिकॉनचं असतं, बाकीच्यांत मिसळत नाही. डॉट ५.१ चालतं.

नॉरिचचा_नाशिककर

ताईंच्या ‘गार पॅड’ या मुद्द्याला इथून दुजोरा देतो. मी इंग्लंडमध्ये नॉरिचला असतो, माझ्याकडे पहिल्या पिढीची लोटस एलिस ही छोटी स्पोर्ट्स कार आहे. कारखाना हेथेलला, घरापासून जवळच. मूळची एलिस साधारण ७२५ किलोची, म्हणजे स्विफ्टपेक्षाही दीडशे किलोने हलकी, आणि तिला ब्रेकचा सर्व्होच (पायाचा जोर वाढवणारं यंत्र) नाही. पायाचा जोर सरळ मास्टर सिलिंडरवर. त्यामुळे पॅडचं घर्षण गार असताना पडलं तर मदतीला काहीही नसतं, सगळं मांडीवर येतं.

१९९६ च्या सुरुवातीच्या एलिसना डिस्कही ॲल्युमिनियमची होती, आत सिलिकॉन कार्बाइडचे कण घातलेली. अतिशय हलकी. पण तिला तिचेच खास पॅड लागत, नेहमीचे घातले तर डिस्क खाऊन टाकत. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, तेव्हा लोखंडाइतकं तापवायची सोयही नव्हती. नंतर लोटसने बिडाची डिस्क दिली. पॅड आणि डिस्क ही जोडी म्हणूनच निवडायची असते, हे या गाडीने मला शिकवलं.

इथे एलिसवाल्यांच्या बोलण्यात पॅजिडच्या आरएस ४२ या पॅडचं नाव बरेचदा येतं. मीही तेच वापरतो, आणि माझं मन जिंकलं ते स्नेटरटनच्या ट्रॅकवर नाही, तर जानेवारीत दव गोठलेल्या सकाळी गल्लीच्या तोंडाशी. पहिल्याच दाबाला गाडी थांबली. ट्रॅकवर यापेक्षा जास्त ताप सोसणारे पॅड मिळतात, पण माझ्या गाडीच्या डिस्क तेवढ्या तापतच नाहीत. हे मी डिस्कच्या कडेला उष्णतेने रंग बदलणारे रंग लावून बघितलं. तीन पट्टे असतात, ४३०, ५६० आणि ६१० अंशांचे. माझ्याकडे पहिला बदलला, दुसरा जसाच्या तसा. वरंधा, तूही तीन पट्टे ओढ. पिटमध्ये इन्फ्रारेड गन लावेपर्यंत डिस्क बरीच गार झालेली असते, हा रंग कमाल तापमान धरून ठेवतो. मग ५०० सोसणारा पॅड घ्यायचा की ७०० सोसणारा, यावर वाद घालायची गरज उरत नाही.

हेअरपिन_हेमंत

ताईंचं गणित पटलं. माझी गाडी पावणेचौदाशे किलोची आहे, आणि मी तिचाच अनुभव स्विफ्टला लावत होतो. वरंधा, आधी ड्रम उघड.

वरंधा_वळण

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी ड्रम उघडतोय. आणखी तीन शंका. एक, पॅड ट्रॅकवरच बदलायचे तर डिस्क तीच राहिली तर चालेल का? दोन, नवे पॅड ‘बसवून’ घ्यायचे म्हणतात ते नेमकं कसं? तीन, पिटमध्ये हँडब्रेक ओढू नको असं सगळे ओरडतात, पण माझा हँडब्रेक मागच्या ड्रमवर आहे, तरीही?

डायनो_चाकण

डिस्क तीच चालेल, थोडं जपून. पॅड डिस्कला नुसता खात नाही, स्वतःचा एक पातळ थर डिस्कवर चढवतो आणि पुढचं बरंचसं घर्षण त्या थराशी होतं. जपानी घराण्यातल्या गाड्यांचे मूळ पॅड बहुधा सेंद्रिय जातीचे, शांत आणि कमी धुळीचे. ट्रॅकचे पॅड त्यांच्या थरावर घासले की पहिले काही ब्रेक विचित्र लागतात, जुना थर निघून नवा चढेपर्यंत. परत येताना उलटं. त्यामुळे अदलाबदल केल्यावर लगेच वेगात जायचं नाही. डिस्कचा दुसरा जोड घेणं जमलं तर सर्वांत उत्तम, स्विफ्टची डिस्क काही महाग नाही.

बसवून घेणं म्हणजे हाच थर एकसारखा चढवणं. रविवारी पहाटे, मागे-पुढे कुणी नसलेला सरळ रस्ता बघ. ऐंशीवरून तीसवर मध्यम दाबाने ये, पूर्ण थांबू नकोस, परत ऐंशीला जा. असं आठ-दहा वेळा, हळूहळू दाब वाढवत. एबीएस येऊ द्यायचं नाही. मध्ये वास येईल, पेडल किंचित बदललेलं वाटेल, ते अपेक्षित आहे. मग दहा-पंधरा मिनिटं ब्रेक न लावता गाडी चालव, म्हणजे सगळं सावकाश गार होईल. चाकातून आत बघितलंस तर डिस्कवर एकसारखी निळसर करडी झाक दिसली पाहिजे. ठिपके किंवा पट्टे दिसले तर थर असमान चढलाय, परत कर. लोक ज्याला ‘डिस्क वाकली’ म्हणतात आणि स्टिअरिंग थरथरतं, ते बहुतेक वेळा हे असमान थराचंच काम असतं. वाकलेली डिस्क माझ्या टेबलावर फार क्वचित आली.

हँडब्रेकचं तू बरोबर पकडलंस. ज्यांना मागे डिस्क आहे आणि हँडब्रेक त्याच पॅडवर आहे, त्यांच्यासाठी तो नियम कडक. तापलेल्या डिस्कवर पॅड चिकटून बसतो आणि तिथे डाग उमटतो. तुझ्याकडे तोच धोका पुढे आहे: पिटमध्ये थांबल्यावर पाय पेडलवर दाबून ठेवायचा नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाक, चाकाला लाकडी ठोकळा लाव आणि पाय काढ. ड्रमही तापलेला असतो आणि गार होताना आकसतो, म्हणून थोडा वेळ हँडब्रेकही मोकळाच बरा. ठोकळे डिकीत टाकायला विसरू नको, तिथे कुणाकडे मागून मिळतीलच असं नाही.

आणखी एक, जाडीचं. रस्त्यावर पॅडचं मटेरियल तीन मिलिमीटर उरेपर्यंत वापरतात. ट्रॅकला अर्ध्याहून कमी जाडीचा पॅड नेऊ नकोस. मटेरियल हेच पिस्टनचं उष्णतेपासूनचं संरक्षण आहे, ते पातळ झालं की ऑइल लवकर उकळणार. अर्धे झालेले ट्रॅकचे पॅड टाकून देण्याआधी पिस्टनचं धूळरबर बघ. कडक होऊन चिरा पडल्या असतील तर सील किट त्याच दिवशी बदल.

रविवारी ड्रम उघडलास की लायनरचा आणि ॲडजस्टरचा फोटो टाक. चकाकी आहे की नुसती धूळ, ते मी सांगते. आणि ट्रॅकचे पॅड त्यानंतरच मागव.